प्रदर्शनातील दागिना आणि खडा : घेण्यापूर्वी काय पाहावे?

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

दिवाळी सरली की लग्नसराईची चाहूल लागते आणि तेव्हापासून आखाजीपर्यंत (अक्षय तृतीयेपर्यंत) जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ येथील हॉटेलांच्या सभागृहांत व मंगल कार्यालयांत दागिन्यांची आणि रत्नांची प्रदर्शने भरत राहतात. सुरत, जयपूर, मुंबई येथील व्यापारी दोन-तीन दिवसांसाठी येतात आणि रविवारी रात्री गाशा गुंडाळतात. ज्या जळगाव जिल्ह्यात सोन्याच्या शुद्धतेसाठी लोक दूरदूरहून खरेदीला येतात, तेथील वाचकांनाही या प्रदर्शनांबाबत बऱ्याच शंका आहेत, असे आमच्याकडे आलेल्या पत्रांवरून दिसते. त्यांतील काही निवडक प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत. ज्योतिषविषयक प्रश्न या सदराच्या कक्षेत येत नसल्याने ते बाजूला ठेवले आहेत.

प्रश्न : मुलीसाठी माणकाची अंगठी करावयाची आहे. जळगावातील एका प्रदर्शनात परगावच्या विक्रेत्याने सव्वापाच रत्तीचे ‘बर्मा माणिक’ १८ हजार रुपयांत देऊ केले. रंग मोहात पाडणारा होता, सोबत लॅमिनेट केलेले छोटे प्रमाणपत्रही होते. ‘हा भाव फक्त आजच’ असे त्यांनी सांगितले. परंतु मन धजेना म्हणून मी परत आलो. असा खडा तेथल्या तेथे कसा पारखावा? (एक शिक्षक, अमळनेर)

उत्तर : आपण परत आलात हे योग्यच झाले. या वजनाचे, नितळ आणि गडद लाल रंगाचे बर्मी माणिक १८ हजारांत मिळत नाही. त्याची किंमत लाखांत जाते. याचा अर्थ आपल्याला दाखवलेला खडा निव्वळ काच होता असा नाही. मात्र ‘बर्मा’ आणि ‘१८ हजार’ या दोन्ही गोष्टी एकाच खड्याबाबत खऱ्या असणे जवळजवळ अशक्य आहे. अधिक संभव असा, की ते काच भरलेले माणिक असावे.

हा प्रकार समजून घेणे आवश्यक आहे, कारण आज प्रदर्शनांत मोठ्या आकाराची आणि स्वस्त दिसणारी जी माणके मांडलेली असतात, त्यांतील बरीचशी याच जातीची असतात. साधारण २००४ पासून ही प्रक्रिया बाजारात आली. भेगांनी भरलेला, जवळपास अपारदर्शक असा हलक्या प्रतीचा माणकाचा दगड घेऊन त्याला शिसेयुक्त काचेसोबत भट्टीत तापवतात. वितळलेली काच भेगांत शिरते आणि शिशामुळे तिचे प्रकाशाचे वक्रीभवन माणकाच्या जवळ जात असल्याने भेगा दिसेनाशा होतात. खडा एकदम पारदर्शक वाटू लागतो आणि त्याचे वजनही वाढते. विक्रेता ‘माणिक खरे आहे’ म्हणतो तेव्हा तो शब्दशः खोटे बोलत नसतो. त्या खड्यात माणिक किती आणि काच किती, एवढेच तो सांगत नाही. असा खडा टिकाऊ नसतो. अंगठी लहानमोठी करताना सोनाराची ज्योत लागली किंवा दागिना तेजाबात बुडवला तर आतली काच खराब होते. इतकेच नव्हे, लिंबाच्या रसाचाही तिच्यावर परिणाम होतो, आणि ज्या हातांनी लोणच्याच्या फोडी कालवायच्या त्या हातांतील अंगठीला हे परवडणारे नाही.

आता तेथल्या तेथे काय पाहावे याविषयी. पहिली गोष्ट उजेडाची. सभागृहातील दिवे विक्रेत्याच्या सोयीने लावलेले असतात. पिवळसर, उबदार प्रकाशात माणिक आहे त्याहून अधिक लाल दिसते, तर नीलम पांढऱ्या, थंड प्रकाशात खुलतो; त्यामुळे एकाच सभागृहात दोन टेबलांवर दोन रंगांचे दिवे दिसले तर त्यामागचे कारण ओळखावे. विक्रेत्याचा माणूस सोबत घेऊन खडा दारापाशी किंवा खिडकीपाशी न्यावा, थेट उन्हात न धरता सावलीतल्या दिवसाच्या उजेडात पांढऱ्या कागदावर ठेवावा आणि तेथे रंग पाहावा. यास नकार मिळाला तर पुढे काही पाहण्याचे कारण उरत नाही. त्याच वेळी खडा वरून सरळ पाहताना मध्यभागी रंग उडाल्यासारखा, आरपार दिसतो का, हेही पाहावे. तळाचे पैलू फार उथळ कापले की मधला भाग असा खिडकीसारखा उघडा पडतो आणि खालच्या कागदावरची अक्षरे वाचता येतात. वजन तेवढेच असूनही अशा खड्याची किंमत बरीच कमी धरली जाते.

दुसरी गोष्ट भिंगाची. सराफ वापरतात तो दहापट मोठे दाखवणारा लूप फार महाग नसतो आणि तो स्वतःचाच असलेला बरा. पुष्कळ लोक तो खड्याजवळ धरतात आणि डोळा दूर ठेवतात; त्याने काहीच नीट दिसत नाही. लूप डोळ्याच्या अगदी निकट, गालाला टेकवून धरावा, दुसरा डोळा मिटू नये, आणि चिमट्यात किंवा बोटांत धरलेला खडा हळूहळू इंचभर अंतरावर आणावा. दोन्ही हात एकमेकांना टेकवले म्हणजे थरथर थांबते. त्याआधी खडा मऊ कापडाने पुसून घ्यावा, कारण बोटांचा तेलकटपणा आतल्या दोषासारखा भासतो. मग खडा सावकाश कलता करीत आत पाहावे. काच भरलेल्या माणकात कलत्या कोनात अचानक निळसर झळाळी चमकून जाते, भेगांच्या प्रतलात गोल किंवा दबलेले हवेचे बुडबुडे दिसतात, आणि पृष्ठभागावर उजेड परावर्तित करून पाहिल्यास भेग वर येते तेथे बारीक रेघेची चकाकी शेजारच्या माणकापेक्षा मंद असते. नैसर्गिक माणकात बहुधा अतिशय बारीक सुया, कोनात वळलेल्या सरळ वाढीच्या रेषा किंवा इतर खनिजांचे कण सापडतात. वाढीच्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीवरील खाचांसारख्या वक्र दिसल्या, तर ते ज्योतीत वितळवून घडवलेले कृत्रिम माणिक होय. ही पद्धत व्हर्नॉय या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये जाहीर केली. त्यामुळे ‘आजीच्या काळचे आहे’ एवढ्यावरून एखादे माणिक खाणीतलेच ठरत नाही.

येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. भिंगाखाली काही संशयास्पद आढळले तर न घेण्याचा निर्णय टेबलापाशी उभे राहून करता येतो. काही आढळले नाही म्हणून घेण्याचा निर्णय मात्र तेथे करता येत नाही. भट्टीत दिलेला उष्णतेचा संस्कार, कुशलतेने केलेली प्रक्रिया, खड्याचा मूळ देश या बाबी प्रयोगशाळेतील उपकरणांशिवाय ठरत नाहीत. ‘बर्मा’ हा शब्द तर निव्वळ रंग पाहून कोणीच उच्चारू नये. मोझांबिकमधील मोंटेप्युएझ येथे २००९ मध्ये सापडलेल्या खाणींतूनही उत्तम लाल माणके येतात.

प्रमाणपत्राबाबत सांगायचे तर, लॅमिनेट केलेल्या कार्डावर ठळक अक्षरांत ‘नैसर्गिक माणिक’ असते आणि खाली बारीक अक्षरांत ‘शेरा’ या शीर्षकाखाली ‘भेगांत काच भरल्याची चिन्हे’ असे लिहिलेले असते. वाचायची ती हीच ओळ. शिवाय कार्डावरील वजन दोन दशांश स्थळांपर्यंत, मिलिमीटरमधील मापे आणि छायाचित्र समोरच्या खड्याशी जुळते का, आणि क्रमांक त्या प्रयोगशाळेच्या संकेतस्थळावर सापडतो का, हे मोबाइलवर तेथेच पाहता येते. प्रयोगशाळा ओळखीची नसेल तर जयपूर येथील, पूर्वी जेम टेस्टिंग लॅबोरेटरी या नावाने ओळखली जाणारी संस्था, मुंबईतील जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया किंवा जीआयए (जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका) यांच्याकडून खडा तपासून घेण्याची अट आपण घालावी आणि अहवाल विपरीत आल्यास पूर्ण रक्कम परत मिळेल असे बिलावर लिहून घ्यावे.

आणि रत्तीविषयी. व्यवहारात दोन रत्त्या चालतात. पक्की रत्ती सुमारे ०.९१ कॅरेटची धरतात, तर कच्ची रत्ती ०.६ कॅरेटच्या आसपास असते. म्हणजे सव्वापाच रत्तीचा खडा एका हिशेबाने ४.७८ कॅरेटचा आणि दुसऱ्या हिशेबाने सुमारे ३.१५ कॅरेटचा होतो. वजन नेहमी कॅरेटमध्ये विचारावे. एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, यात कच्चेपक्के काही नाही.

प्रश्न : प्रदर्शनात अमेरिकन डायमंड जडवलेला हार पाहिला. विक्रेत्याने ‘खड्यांचे पैसे लावत नाही, खडे मोफत’ असे सांगितले. हॉलमार्क असल्याचेही सांगितले. सौदा चांगला वाटतो, पण सासूबाईंना शंका आहे. (एक गृहिणी, शिरपूर)

उत्तर : सासूबाईंची शंका रास्त आहे. खडे मोफत म्हणताना ते कोणत्या वजनातून वजा केले, हे विचारावे. अमेरिकन डायमंड म्हणजे क्युबिक झिर्कोनिया. तो त्याच आकाराच्या हिऱ्यापेक्षा दीडपटीहून अधिक जड असतो आणि काट्यावर सोन्याबरोबर चढतो.

हिशेब करून पाहू. समजा शुद्ध सोन्याचा भाव १० ग्रॅमला १ लाख रुपये आहे, म्हणजे २२ कॅरेटचा भाव ग्रॅमला ९,१६० रुपये. हाराचे एकूण वजन २४.६०० ग्रॅम भरले आणि त्यात खडे ३.१०० ग्रॅम आहेत. सोने झाले २१.५०० ग्रॅम. विक्रेत्याने संपूर्ण २४.६०० ग्रॅमला सोन्याचा भाव लावला तर त्या ‘मोफत’ खड्यांचे आपण २८,३९६ रुपये मोजले. घडणावळ १२ टक्के असेल आणि तीही एकूण वजनावर लावली, तर आणखी सुमारे ३,४०० रुपये गेले. वर या सर्वांवर ३ टक्के जीएसटी आलाच. पुढे कधी हार मोडायला नेला तर सराफ आधी खडे काढून ठेवील आणि उरलेल्या सोन्याचेच पैसे देईल. म्हणून एकूण वजन, खड्यांचे वजन आणि निव्वळ सोन्याचे वजन हे तीन आकडे बिलावर स्वतंत्र हवेत, आणि घडणावळ निव्वळ वजनावर लागली पाहिजे. ठुशी, वज्रटीक यांसारख्या दागिन्यांत आत लाख भरलेली असते. तीही सोन्यात मोजली जाऊ नये. तोलताना काटा आधी शून्यावर आहे ना, त्यावर वजनमापे विभागाचा पडताळणी शिक्का आहे ना, आणि पंख्याचा वारा तर लागत नाही ना, हे पाहावे. वाऱ्याने शेवटचे आकडे नाचतात.

हॉलमार्कचे म्हणाल तर १६ जून २०२१ पासून तो टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आहे आणि १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी या, प्रत्येक दागिन्याला वेगळा असणाऱ्या सहा अक्षरी-अंकी क्रमांकाविना हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत. दागिन्यावर तीन खुणा असाव्यात : भारतीय मानक ब्युरोचे त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (२२ कॅरेटसाठी ९१६, १८ कॅरेटसाठी ७५०) आणि एचयूआयडी. हा क्रमांक लेसरने इतका बारीक कोरलेला असतो की लूपशिवाय वाचता येत नाही. तो वाचून मोबाइलवरील ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाकला म्हणजे सराफाचा नोंदणी तपशील, तपासणी केंद्र, शुद्धता आणि दागिन्याचा प्रकार समोर येतो. या शेवटच्या तपशिलाकडे लोक दुर्लक्ष करतात. हातात हार असताना ॲपवर ‘अंगठी’ दिसली, तर तो क्रमांक दुसऱ्याच दागिन्याचा आहे हे उघड आहे.

काही विक्रेते ‘प्रदर्शनाच्या मालाला हॉलमार्कमधून सूट आहे’ असे सांगतात. सूट आहे, पण ती आंतरराष्ट्रीय प्रदर्शनांसाठीच्या आणि केवळ व्यापाऱ्यांसाठी भरणाऱ्या सरकारमान्य प्रदर्शनांतील दागिन्यांना. हॉटेलच्या सभागृहात तुम्हाआम्हाला विकल्या जाणाऱ्या हाराला ती लागू होत नाही. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या, नाकातल्या चमकीसारख्या नगांना मात्र खरोखरच सूट आहे.

प्रश्न : मुलाच्या लग्नात सुनेला कुंदनाचा सेट द्यावा असे घरातील सर्वांना वाटते. त्यावर हॉलमार्क का नसतो आणि मग भरवसा कशावर ठेवावा? (एक वाचक, चाळीसगाव)

उत्तर : कुंदन, पोलकी (पैलू न पाडलेल्या हिऱ्यांचे) आणि जडाऊ दागिन्यांना हॉलमार्कच्या सक्तीतून वगळलेले आहे. सोन्याचा पत्रा, आतील लाख, खड्याखालचा चमकीचा वर्ख आणि वर दाबून बसवलेली शुद्ध सोन्याची पट्टी असे हे थर असतात. दागिना मोडल्याशिवाय प्रत्येकाचे वजन निराळे करता येत नाही. परिणामी या प्रकारात ग्राहकाच्या हाती तपासण्यासारखे फार थोडे राहते, आणि प्रदर्शनात सर्वांत आग्रहाने खपवला जातो तोही हाच माल. खड्यामागे वर्ख असल्याने काच, मोईसनाइट (हिऱ्यासारखा दिसणारा कृत्रिम खडा) आणि खरी पोलकी समोरून एकसारखी झळकतात. मागील बाजू मिन्याने झाकलेली असते.

काही ठिकाणी ‘कॅरेट मशीन’वर दागिना ठेवून दाखवतात. ते यंत्र क्ष-किरणांच्या साहाय्याने वरवरच्या थराची शुद्धता सांगते. आतल्या सोन्याविषयी किंवा टाक्याविषयी त्याचे मत निर्णायक मानता येत नाही. म्हणून माझे मत असे, की कुंदनाचा मोठा सेट दोन दिवसांसाठी आलेल्या विक्रेत्याकडून घेऊ नये. ज्याच्या दुकानात पाच वर्षांनी जाऊन ‘हा परत घ्या’ म्हणता येईल, अशाच ठिकाणी तो घ्यावा आणि सोन्याचे अंदाजे निव्वळ वजन, त्याची शुद्धता, खड्यांचा प्रकार व परत घेण्याचा दर या गोष्टी बिलावर लिहून घ्याव्यात. खानदेशात पिढ्यान्‌पिढ्यांचे सराफ आहेत. ते चार पैसे जास्त घेतील, पण जागेवर सापडतील.

प्रश्न : साखरपुड्यासाठी हिऱ्याची अंगठी घ्यायची आहे. विक्रेत्याने पेनासारखे यंत्र हिऱ्याला टेकवून ‘पीप’ आवाज काढून दाखवला. ही परीक्षा पुरेशी आहे का? लॅबमधील हिरा घेतल्यास काय बिघडते? (बँक कर्मचारी, धुळे)

उत्तर : पुरेशी नाही. ते यंत्र उष्णता किती वेगाने वाहून जाते एवढेच मोजते. काच आणि झिर्कोनिया त्यात पकडले जातात, परंतु मोईसनाइट उष्णतेचा उत्तम वाहक असल्याने साध्या यंत्रावर तोही हिरा म्हणून उत्तीर्ण होतो. त्याला ओळखण्यासाठी लूप कामी येतो : खडा किंचित कलता करून वरच्या पैलूतून खालच्या पैलूंच्या कडा पाहाव्यात, मोईसनाइटमध्ये त्या दुहेरी दिसतात, हिऱ्यात एकेरीच. खडा सुटा असेल तर वजनही बोलते. नीट कापलेला एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. त्याच मापाचा मोईसनाइट सुमारे ०.८८ कॅरेट भरतो आणि झिर्कोनिया १.७ कॅरेटच्या आसपास.

प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हा रसायनाने आणि रचनेने हिराच असतो, त्यामुळे लूपने तो खाणीतल्या हिऱ्यापासून वेगळा काढता येत नाही. त्यासाठी खास उपकरणे लागतात. सुरतेत हिऱ्यांना पैलू पाडण्याबरोबरच असे हिरे वाढवण्याचा उद्योगही आता मोठा आहे. तो घेण्यात काहीही बिघडत नाही, मात्र तो त्याच नावाने आणि त्याच्या कमी किमतीत घेतला पाहिजे, आणि पुढे विकताना जवळजवळ काहीच मिळणार नाही हे गृहीत धरले पाहिजे. फसवणूक होते ती नैसर्गिक म्हणून तोच विकला जातो तेव्हा. मोठ्या हिऱ्यासाठी जीआयए किंवा आयजीआय (इंटरनॅशनल जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट) यांचा अहवाल घ्यावा. हिऱ्याच्या कंबरेवर (वरच्या व खालच्या पैलूंमधील कडेवर) लेसरने कोरलेला क्रमांक लूपखाली वाचून अहवालाशी ताडून पाहावा. अंगठीभोवती जडवलेल्या बारीक हिऱ्यांचा असा स्वतंत्र अहवाल सहसा नसतो, आणि भेसळीला वाव तेथेच अधिक असतो. म्हणून ‘सर्व हिरे नैसर्गिक’ हे शब्द बिलावरच हवेत.

रंगाची ‘डी’पासून ‘झेड’पर्यंतची प्रतवारी आणि स्वच्छतेच्या श्रेणी यांचा विक्रेते बराच गाजावाजा करतात. खरे पाहता अंगठीचे तेज सर्वांत अधिक पैलूंच्या प्रमाणावर अवलंबून असते. रंगात एक-दोन पायऱ्या खाली उतरून पैलूंची प्रत वर ठेवली तर पैसेही वाचतात आणि हिराही जिवंत दिसतो.

प्रश्न : नथीसाठी ‘बसरा मोती’ म्हणून दाखवलेले मोती खरे कसे ओळखावेत? (एक वाचक भगिनी, शहादा)

उत्तर : दातावर हलकेच घासून पाहिल्यास मोती किंचित खरखरीत लागतो आणि मुलामा दिलेला काचेचा मणी गुळगुळीत. भोकाच्या कडेशी लूपने पाहावे. नकली मण्याचा मुलामा तेथे उचकटलेला सापडतो. परंतु यावरून मोती शिंपल्यातला आहे एवढेच कळते. तो समुद्रात आपोआप तयार झालेला की संवर्धित, हे क्ष-किरण तपासणीशिवाय सांगता येत नाही, आणि इराणच्या आखातातील जुने बसरा मोती आज इतके दुर्मीळ व महाग आहेत की प्रदर्शनाच्या टेबलावर वाटीभर मांडलेले मोती बसरा असण्याची शक्यता सोडूनच द्यावी. संवर्धित मोती संवर्धित म्हणून घ्यावेत, नथीला ते शोभतात.

प्रश्न : आमच्या भागातील विहिरी खोदताना आणि दगडखाणीत निघणारे हिरवट, चकचकीत स्फटिक प्रदर्शनात ‘हीलिंग क्रिस्टल’ म्हणून हजारो रुपयांना विकले जात होते. ते मौल्यवान आहेत का? त्यांचे लॉकेट करता येईल का? (महाविद्यालयीन विद्यार्थी, रावेर तालुका)

उत्तर : या पत्राने विशेष आनंद झाला, कारण जळगाव जिल्ह्याचे नाव जगभरच्या खनिजसंग्राहकांना सोन्यामुळे नव्हे तर याच स्फटिकांमुळे ठाऊक आहे. दख्खनच्या पठाराचा काळा बेसाल्ट सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यातून बनला. त्या लाव्ह्यातील वायूच्या पोकळ्यांत पुढे खनिजयुक्त पाणी झिरपून स्टिल्बाइट, ह्यूलंडाइट, अपोफिलाइट ही खनिजे वाढली. आपण म्हणता ते हिरवट, चौकोनी टोकाचे, काचेसारखे स्फटिक बहुधा अपोफिलाइटचे असावेत. त्यांचा हिरवा रंग व्हॅनेडियमच्या अंशामुळे येतो.

लॉकेट मात्र करू नये. अपोफिलाइटची कठीणता मोह्सच्या मोजपट्टीवर (जिच्यावर हिरा १०) ४.५ ते ५ इतकीच आहे, म्हणजे घरातील धुळीत असणारे वाळूचे कणसुद्धा (कठीणता ७) त्यावर ओरखडे काढतात. शिवाय तो एका प्रतलात सहज चिरतो आणि त्याच्या रचनेतच पाणी असल्याने तापवल्यास बिघडतो. स्टिल्बाइट त्याहून मऊ. ही खनिजे कपाटात ठेवून पाहायची आहेत, अंगावर घालायची नाहीत. बरे करण्याचे गुणधर्म मानण्यास कोणताही शास्त्रीय आधार नाही, तेव्हा त्या नावाखाली एक पैसाही जास्त देऊ नये.

संग्रहासाठी घेत असाल तर किंमत ठरते ती टोकांच्या अभंगपणावर, रंगावर आणि मूळ खडकावरील मांडणीवर. एक टोक तुटलेले असले तरी भाव निम्म्याहून खाली येऊ शकतो. तुटलेला स्फटिक डिंकाने परत बसवण्याची पद्धत सर्रास आहे. स्फटिक आणि खडक जेथे भेटतात त्या रेषेवर लूप फिरवावा आणि शक्य असल्यास अंधारात अतिनील किरणांची छोटी विजेरी मारावी, पुष्कळदा डिंक निळसर चमकून उठतो. भडक गुलाबी किंवा निळे, एकसारख्या रंगाचे अकीक व स्फटिक दिसले तर ते रंगवलेले समजावेत; ओल्या पांढऱ्या कापडाने घासल्यावर कधीकधी रंग कापडावर उतरतो. आपल्या शिवारातील खाणीतून निघणारा माल कोणत्या खाणीतला, कधीचा, हे चिठ्ठीवर लिहून ठेवले तर संग्राहकाच्या दृष्टीने त्याचे मोल वाढते. विक्रेत्याकडे ही माहिती नसते आणि ती आपणास सहज मिळू शकते.

प्रश्न : प्रदर्शनात घेतलेला दागिना नंतर कमी शुद्धतेचा निघाल्यास, विक्रेता निघून गेलेला असताना काय करता येते? (एक वाचक, पाचोरा)

उत्तर : सर्व काही बिलावर अवलंबून आहे. कच्च्या चिठ्ठीवर व्यवहार केला असेल तर फारसे काही हाती लागत नाही. पक्क्या बिलावर विक्रेत्याचे नाव, कायमचा पत्ता आणि जीएसटी क्रमांक हवा. त्या क्रमांकाचे पहिले दोन अंक राज्याचे असतात : २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, ०८ राजस्थान. हा क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर टाकला की नोंदणी कोणाच्या नावाने आहे आणि ती चालू आहे की रद्द झाली, हे पैसे देण्यापूर्वीच दिसते. रक्कम कार्डाने किंवा बँकेमार्फत द्यावी. दोन लाख रुपये किंवा त्याहून अधिक रक्कम एका व्यवहारात रोखीने स्वीकारण्यास आयकर कायद्याची मनाई आहे. ‘रोख दिल्यास जीएसटी सोडतो’ असे सांगणारा विक्रेता प्रत्यक्षात आपल्या हातून बिलच काढून घेत असतो.

हॉलमार्कच्या दागिन्याची शुद्धता कोणत्याही मान्यताप्राप्त तपासणी केंद्रात ठरावीक, माफक शुल्क भरून तपासून घेता येते. ती छापील शुद्धतेपेक्षा कमी भरली तर भारतीय मानक ब्युरोच्या २०१८ च्या नियमांनुसार, कमतरतेमुळे पडणाऱ्या किमतीच्या फरकाच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळतो. खडे आणि घडणावळीबाबतच्या तक्रारींसाठी प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करावी. तेथे निकाल लागला नाही तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. खरेदीसाठी मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण तेथेच चालते आणि विक्रेता परराज्यातला असला तरी ग्राहकाला आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. दागिना मात्र तोपर्यंत मोडू, वितळवू किंवा दुरुस्तीला देऊ नये, आणि बिलाबरोबर मिळालेली डबी, टॅग व प्रमाणपत्र जसेच्या तसे जपून ठेवावे.